बोटीच्या पाठीला डोळा

कप्तानाची नजर अशी, की पाण्याखालच्या माशाच्या डोळ्यातलं कुसळ दिसायचं त्याला. एकदा म्हणे दाट धुक्यात त्यानं बोट चुकून टेकडीवर चढवली, पलीकडून परत नदीत उतरवली, आणि प्रवाशांना पत्ताच नाही. एक जण उतरताना एवढंच म्हणाला, "आज पाणी जरा खडबडीत होतं." हे खुद्द कप्तान सांगायचा, म्हणजे खरंच असणार!

पण गेल्या दीड वर्षात त्या नजरेची पार वाट लागली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांच्या नसा सुकल्यात, गेलेलं परत यायचं नाही. कप्तानानं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. सांगितलं असतं तर बोट हातातून सुटली असती, आणि बायको गेल्यापासून बोटीशिवाय त्याला होतं तरी कोण? गालावरच्या उन्हावरून दिशा धरायची, मनात आकडे मोजायचे, कान टवकारून पलीकडचा धक्का गाठायचा. असं चाललं होतं.

दोनदा मात्र बोट मागं घेताना आपटली. लेकीला वाटलं, केबिन आड येते म्हणून बाबांना मागचं दिसत नाही. ती दुकानांत कॅमेरे बसवायची. सुट्टीच्या दिवशी ड्रिल घेऊन हजर! मागच्या कठड्याला कॅमेरा ठोकला, स्टिअरिंगपाशी स्क्रीन.

"आणि वायर?"

"लागतच नाही. चित्र हवेतून येतं."

"हवेतून सर्दी येते गं."

"बाबा, स्क्रू द्या. तोंड नका चालवू."

स्क्रीन लागला. कप्तानाला तो ताटलीत दूध सांडल्यासारखा दिसला.

"सांगा, काय दिसतं?"

धक्क्यावर किटलीचं झाकण वाजत होतं. "चहावाला दिसतोय. गिऱ्हाईक नाही बिचाऱ्याला." डावीकडे साखळी करकरली. "ती निळी होडी. बांधलीये, पण सैल."

"अगं बाई! माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त दिसतंय की!"

कप्तानानं मिशीला पीळ दिला. जिंकला होता गडी.

तेवढ्यात लेकीला दिसलं, बोटीच्या पंख्यात दोराचा तुकडा अडकलाय. कप्तान नको नको म्हणेपर्यंत ती शिडीवरून छातीभर पाण्यात उतरलीसुद्धा. शेजारच्या बोटीचं इंजिन धडधडत होतं. ती ओरडून म्हणाली, "आता हाक ऐकू यायची नाही! स्क्रीनवर बघत राहा. दोर काढून मी बाजूला झाले की हात वर करते. मगच इंजिन चालू करा. हात दिसल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही!"

कप्तान स्क्रीनसमोर बसला. दुधात काहीतरी काळं हललं. हात? डोकं? की नुसता धक्क्याचा खांब? त्यानं आकडे मोजले. पन्नास. शंभर. एवढ्या वेळात झालंच असणार तिचं. दीड वर्ष तो अशाच अंदाजावर जगला होता, आणि अंदाज बहुतेक बरोबर यायचा.

बहुतेक.

त्यानं किल्ली उपसून काढली आणि मुठीत गच्च धरली.

लेक निथळत वर आली. "हात भरून आला माझा! कधीची वर करून उभी होते. दिसत नाही का?"

"नाही."

"झालं, मारली थाप!"

"नाही गं पोरी. चहावाला, ती होडी, त्या थापा होत्या. हे खरं आहे."

ती हसत होती. मग तिनं त्याच्या तोंडासमोर हात हलवला. एकदा, दोनदा. हसू थांबलं.

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

"आणि माणसं नेत होतात? लेकरंबाळं?" तिचा आवाज फाटला. "मी पाण्यात होते, बाबा!"

"म्हणून तर," म्हणत कप्तानानं मुठीतली किल्ली तिच्यापुढं धरली.

धक्क्यावर दुपारच्या फेरीची माणसं जमली होती. "कप्तान, निघायचं का?" कुणीतरी विचारलं. लेकीनं तोंड पुसलं. आयुष्यात खोटं न बोलणारी ती पोर, पुढं होऊन म्हणाली, "इंजिन बिघडलंय. दुसऱ्या बोटीनं जा."

"इंजिन ठणठणीत आहे," कप्तान मागून म्हणाला. "माझे डोळे गेलेत. मी आता बोट चालवणार नाही."

मग रोज भाजीची टोपली घेऊन येणारी म्हातारी हळूच म्हणाली, "मग इतके दिवस आम्हाला नेत कोण होतं रे?"

लेकीनं त्याचं कोपर धरलं. धक्क्याच्या पायऱ्या ती एकेक मोजून सांगायला लागली. त्याला त्या तोंडपाठ होत्या. तरी तो मान खाली घालून ऐकत गेला.