ह्याच घराचा पत्ता

सन दोन हजार चार. गळ्याच्या शस्त्रक्रियेत दादाचा आवाज गेला, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून त्याने उभं आयुष्य इतरांचे आवाज टिपले. स्वतःचा मात्र एकदाच, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी. ते एवढंसं बोलणं घरच्या जुन्या संगणकात होतं आणि संगणक शेवटचे आचके देत होता. त्याच्या बायकोने, म्हणजे शिवणाचे क्लास घेणाऱ्या वहिनीने, नवी डिस्क जोडून नक्कल करून पाहिली. दरवेळी अर्ध्यावर घोडं अडलं.

म्हणून तिने नणंदेला बोलावलं. वन्सं हवामान खात्यात संगणक सांभाळायच्या. आल्या आल्या त्यांनी पडद्यावर एक काळी खिडकी उघडली आणि भराभर टाइप करायला लागल्या.

"हे काय, वन्सं?"

"जगभरातून फायली आणणारं अवजार. अर्ध्यावर तुटलं तर तिथूनच पुढे आणतं. तुमच्यासारखं सगळं उसवून पुन्हा पहिला टाका घालत नाही!"

"टोमणे नंतर मारा. फाईल तर घरातच आहे ना?"

"घरातलीही आणतं. पत्त्यात यंत्राच्या नावाची जागा रिकामी सोडायची. रिकामी म्हणजे हेच घर."

उत्तर आलं: अशी फाईल नाही. वन्संनी पत्ता अक्षरन् अक्षर तपासला, पुन्हा दिला. पुन्हा तेच. वहिनी पडद्याकडे वाकली.

"गेला का हो आवाज?"

खुर्चीतल्या दादाने पाटी वर धरली. 'संगणकाचा डबा हललासुद्धा नाही.'

"दादा, मधे मधे करू नकोस."

त्याने पाटी पुसून पुन्हा लिहिलं. 'डिस्क वाचताना कुरकुरते. तू हुकूम देतेस तेव्हा ती गप्पच. बयो, शोधतेस कुणाच्या घरात?'

वन्संनी कपाळावर हात मारून घेतला. खिडकी उघडली की आधी इंटरनेटवरून ऑफिसच्या यंत्रात शिरायचं, ही त्यांची रोजची सवय. आजही हात तसेच चालले होते. हुकूम गावाच्या दुसऱ्या टोकाला चालत होता आणि तिथल्या यंत्राला 'हेच घर' म्हणजे ऑफिस!

"काखेत कळसा," वहिनी पुटपुटली.

"बोला, बोला. आज तुमचा दिवस आहे."

वन्सं ऑफिसच्या यंत्रातून बाहेर आल्या आणि तोच पत्ता इथे दिला. डिस्क कुरकुरली. आकडे सरकले, मग अडले. डबा निवू दिला, पुन्हा हुकूम दिला. जिथे सुटलं होतं, बरोबर तिथूनच धागा पुढे निघाला. वहिनी बघत राहिली. समुद्रापलीकडच्या दारी जे अवजार जातं, तेच टेबलाखालच्या डब्यापाशीही त्याच अदबीने उभं राहतं, पत्ता विचारतं आणि न चिडता पुन्हा येतं! हे कुणी घडवलं असेल, आणि कुठे बसून?

नक्कल पूर्ण झाली. वन्संनी ती लावली. आधी खरखर, मग दादाचा आवाज:

"अगं, तो पंखा बंद कर ना. खरखर येतेय."

वहिनी उठली आणि पंखा बंद केला.

तिला उठलेलं पाहून दादा बिनआवाजाचं हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तो संगणक सुरूच झाला नाही. दादा पुढे पुष्कळ वर्षं पाटीवर लिहून ध्वनिमुद्रण शिकवत राहिला, आणि एका दुपारी खुर्चीतच गेला. वन्सं निवृत्त होईपर्यंत हाताखालच्या पोरांना बजावत राहिल्या, "हुकूम द्यायच्या आधी बघा, तुम्ही कुणाच्या घरात आहात!" वहिनी अजून आहे. मनात आलं की ती ते बोलणं लावते. लावायच्या आधी पंखा मात्र बंद करत नाही. त्याने सांगितलं, की मगच उठते.