मागची ठकठक

माहेरी तिला एक्सप्रेस म्हणत. गाणं कुठलंही असो, पहिल्या ओळीला ही सगळ्यांबरोबर निघायची आणि कडवं येईपर्यंत सगळ्यांना मागे टाकून पार पुढे गेलेली असायची. शाळेच्या समूहगीतात बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. ही गोष्ट थोरली बहीण अजूनही चारचौघांत तिखटमीठ लावून सांगते. आता त्याच ताईची साठी आली होती. प्रत्येकाने स्वतः काहीतरी करून पाठवायचं ठरलं, तेव्हा ही बोलून गेली, "मी गाणं पाठवते. माझं स्वतःचं, वाद्यांसकट." पलीकडे फोनवर खसखस पिकली. ती खसखस हिच्या फार जिव्हारी लागली.

वाद्यांची मदार लॅपटॉपवरच्या एका सॉफ्टवेअरवर होती. आपण नुसतं गायचं, ते आपल्या आवाजातून लय आणि सूर हुडकतं आणि मागे गिटार, ढोलकी, बासरी आपोआप जोडून देतं. शब्द तिने, ती सकाळी कामाला जायची त्या चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना जुळवले होते, चाल काचा पुसता पुसता सुचली होती. दोनच कडवी, पण बरी होती, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. अडचण वेगळीच होती. लय हुडकायची तर ती एका जागी सापडायला हवी ना! ही पळत सुटायची, ढोलकी मागून धापा टाकत यायची आणि बासरी भलत्याच ठिकाणी तोंड घालायची.

शेजारच्या खोलीत सासरे असत. नवऱ्याची पाळी दुपारची, त्यामुळे दुपारनंतर त्यांचं सगळं हिच्याकडे. उभं आयुष्य ते शाळेत ड्रिलमास्तर होते. गळ्यात ढोल अडकवून अख्खी शाळा एका पावलात चालवायचे. त्यांनी कधी कोणावर हात उचलला नाही. ज्याचा पाय चुकला त्याने आपणहून कान धरून रांगेबाहेर यायचं, एवढाच त्यांचा नियम. अर्धांगाचा झटका आला तशी वाचा गेली आणि उजवी बाजू गेली. उरला डावा हात आणि हातात काठी. पाणी हवं, लघवीचं भांडं हवं, कूस बदलायची असली, की मधल्या भिंतीवर ती ठोकायची.

त्या दिवशी ती पहिलं कडवं गायला बसली आणि भिंतीवर ठकठक सुरू झाली. उठून गेली. सासऱ्यांना काही नको होतं. त्यांनी हिच्याकडे बोट केलं, भिंतीकडे केलं, मग जा जा म्हणून हात हलवला. परत येऊन तोंड उघडलं, की पुन्हा ठकठक.

"बाबा, काय हवंय तरी काय?" ती तिथूनच ओरडली. "माझं गाणं नको झालंय का तुम्हाला?"

ठकठक थांबली. ती गायला लागली तशी पुन्हा सुरू झाली. शेवटी हट्टाला पेटून ती तशीच शेवटपर्यंत गायली, 'गोंगाट काढा'चं बटण दाबलं आणि साथ जोडायला लावली. आणि काय आश्चर्य! ढोलकी पावलापावलाने शेजारून चालत होती, बासरी बोलावल्यावरच येत होती. तिने ते कडवं परत परत ऐकलं. "आली की नाही गाडी वेळेवर!" असं स्वतःशीच म्हणून तिने एक गिरकीसुद्धा घेतली.

दुसऱ्या दिवशी दुसरं कडवं. या वेळी व्यत्यय नको म्हणून ती आधीच सासऱ्यांच्या खोलीत गेली, त्यांच्या हातातली काठी काढून घेतली आणि दाराआड उभी केली. "थोडा वेळ गप पडा हो बाबा. जीव खाऊ नका माझा," ती म्हणाली. त्यांचा हात पांघरुणावर तसाच उघडा राहिला. तिने तो पाहिला आणि दार ओढून घेतलं.

कानांवर हेडफोन चढवून ती गायली. जमेना. पुन्हा गायली. ढोलकी मागे, ही पुढे. "काल बरा वागलास रे मेल्या," तिने लॅपटॉपला झापलं. काल आपण नेमकं काय केलं ते ऐकावं म्हणून तिने कालचं मूळ रेकॉर्डिंग लावलं, गोंगाट काढायच्या आधीचं.

ठकठक ऐकू आली. नेहमीची, हाक मारल्यासारखी नव्हती ती. एकसारखी, मोजून. जिथे तिचा आवाज पळायला बघत होता तिथे ठोका जोरात पडत होता, आणि आवाज मुकाट्याने मागे येत होता. दोन ओळींच्या मध्ये ती श्वास घेत होती तिथेही ठोका होता, तिची वाट बघत. तिच्या आवाजात सॉफ्टवेअरला लय सापडली होती ती त्या काठीची.

तिने हेडफोन ओढून काढले. भिंतीतून अगदी बारीक, दबका आवाज येत होता. ती धावत गेली.

सासरे मुठीने भिंत ठोकत होते. बोटांचे सांधे लाल झाले होते. चादर ओली होती, खालची गादीही. हिला बघताच त्यांनी मूठ खाली घेतली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. अख्ख्या शाळेला ताठ चालवणारा माणूस सुनेला तोंड दाखवायला लाजत होता, आणि लाजायचं कोणी होतं हे तिला चांगलं कळत होतं. तिने अंग पुसलं, कपडे बदलले, चादर बदलली. सगळा वेळ ती "चुकलं हो बाबा, माझं चुकलं" म्हणत राहिली. ते भिंतीकडेच बघत होते. तिने काठी त्यांच्या हातात दिली.

दुसरं कडवं तिने गायलंच नाही. एकच कडवं ताईला पाठवलं, गोंगाट न काढता.

दुसऱ्याच दिवशी साठी होती, ताईचा फोन आला. "अगं, चक्क तालात गायलीस की! आम्ही सगळे गारच झालो. फक्त मागे कोणीतरी ठोकतंय बघ. तेवढं काढता येत नाही का?"

"बाबा आहेत ते," ती म्हणाली. "ते होते म्हणून तालात आहे." ताई पुढे काही विचारणार, तोच हिने फोन ठेवला.

मग ती सासऱ्यांच्या खोलीत गेली. ते जागे होते. ओठ कोरडे पडले होते, पाण्याचं भांडं रिकामं होतं. काठी तिने ठेवली होती तशीच हाताशी पडून होती. काठी परत दिल्यापासून भिंतीवर एकदाही ठकठक झालेली नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"बाबा, तहान लागली होती ना? मग ठोकायचं की!"

त्यांनी काठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. डावा हात हळूहळू वर नेला आणि आपला कान धरला.