चिक्कडपल्लीचा बोलता हंडा

तिन्हीसांजेला हैदराबादेत, चिक्कडपल्लीच्या नाल्यालगतच्या वस्तीत, धुण्याच्या ओट्यासमोर, तीनेकशे माणसं जमत आणि एक तांब्याचा हंडा मेलेल्यांच्या आवाजात बोले. मी फुगवून सांगत नाही. मी स्वतः ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो मी, भुताखेतांना हसणारा!

ओट्यावर मौनीबाबा बसलेले. ओठ मिटलेले, डोळे मिटलेले. उघडं होतं ते फक्त त्यांच्या शिष्याचं, अंबाजीचं, तोंड.

"बाबा बोलत नाहीत, बाबा बोलवून घेतात! डॉक्टर नाडी चालू असेपर्यंत बघतो, बाबा नाडी बंद पडल्यावर बघतात! चप्पल बाहेर, शंका बाहेर!"

"हौ मियाँ, मेरे कानों से सुना मैं," शेजारचा टांगेवाला कुजबुजला.

भगव्या फडक्यात गुंडाळलेला हंडा ओट्याच्या भिंतीला आडवा टेकवलेला होता. त्यातून पोकळ, लांबून आल्यासारखा आवाज आला. "बाऽई... मला सोडून जाऊ नको."

पुढच्या ओळीतल्या पार्वतीबाईंनी ओट्यावर डोकं टेकलं. 

पार्वतीबाईंच्या माडीवर मी भाड्यानं राहत होतो. त्यांचा एकुलता मुलगा सूर्यभान दोन वर्षांपूर्वी विषमज्वरानं गेला होता. त्यांचे यजमान किशनराव महसूल खात्यात कारकून. साल छप्पन्न. एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते, आणि मराठवाड्याबरोबर किशनरावही वाटणीत औरंगाबादेच्या वाट्याला आले होते. रविवारी काचीगुड्याहून गाडी होती.

परतल्यावर किशनरावांनी मला जिन्यातच गाठलं. "एकनाथ, माझं घर दोन जागी व्हायलंय. लेक भामा माझ्यासंगं येती. ही म्हणती, मी लेकाला टाकून येत नाही. समजावलं, रागावलो, पाया पडलो. तुम्ही इंजिनीअर लोक, काही करा."

"आवाज सूर्यभानचाच, हे बाईंना कशावरून पटलं?"

"आमच्यात लेकरं मायला बाई म्हणतात. हंडा पण बाईच म्हणतो की."

"पहिल्या दिवसापासून?"

 "नाही. पहिल्या दिवशी आई म्हणला. ही रडत रडत हंड्याला म्हणली, माझा सूर्या तर मला बाई म्हणायचा रे. दुसऱ्या दिवसापासून बाई."

म्हणजे हंडा नुसता बोलत नव्हता, ऐकतही होता. आणि तेवढ्यात मला तो पोकळ घुमारा कुठे ऐकला होता ते आठवलं. 

तो आवाज आमचाच होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पाच विद्यार्थ्यांनी त्या वस्तीत शिबिर घेतलं होतं. धुण्याच्या ओट्याचं सांडपाणी गल्लीभर साचे, डास होत. आम्ही चर खणला आणि ओट्यापासून नाल्यापर्यंत दोनशे फूट भाजक्या मातीचे नळ जमिनीखाली पुरले. प्रत्येक सांध्यानंतर एकानं एका तोंडाशी ओरडायचं, "पोचलं का?" आणि दुसऱ्या तोंडाशी बसलेल्या मुकुंदनं म्हणायचं, "पोचलं!" नळ मोकळा आहे की नाही हे तपासायची ही आमची रीत होती, आणि तिच्यात आम्हाला भारी मजा वाटे. ओट्याची मोरी नळाला जोडायची आणि दोन्ही तोंडांना जाळ्या बसवायच्या, एवढंच उरलं होतं. तेव्हा मुकुंदच्या वडिलांची बदली झाली. नकाशा त्याच्या ट्रंकेत गुलबर्ग्याला गेला. मग एकेक जण आपापल्या राज्याच्या काळजीला लागला. मी इथंच होतो, पण मीही तिकडे फिरकलो नाही. अर्धवट कामाची लाज वाटत होती. कोरडा, मोकळा नळ तसाच जमिनीत राहिला आणि कुणा लबाडाला सापडला.

हे सगळं किशनरावांना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "मग सोपं आहे की! उद्या तुम्हीच त्या तोंडातून सूर्यभान व्हा. नुसतं म्हणा, बाई, जा. ती मुकाट गाडीत बसंल."

उद्या सांजेला तिकडे जातो, एवढंच मी म्हणालो. 

दुसऱ्या दिवशी सांजेला मी नाल्याच्या काठानं गेलो. घाणेरीच्या झुडपात एक माणूस डोक्यावरून घोंगडं घेऊन नळाला कान लावून बसला होता. मला बघताच तो घोंगडं टाकून गुडघाभर पाण्यातून पळत सुटला. मी त्याच्या जागी बसलो. घोंगडं अजून गरम होतं.

नळातून सगळं ऐकू येत होतं. अंबाजीची बडबड, कुणाचा खोकला, बांगड्यांचा आवाज. मग अगदी जवळून, माझ्या कानात, पार्वतीबाई बोलल्या. "सूर्या, लेकरा, एकदाच सांग. जाऊ का रे मी?"

तोंडात शब्द तयार होता. जा, बाई. तेवढं म्हटलं असतं तर रविवारी तिघं गाडीत बसली असती आणि किशनरावांनी मला जन्मभर दुवा दिला असता. पण मग बाबानं काय वेगळं केलं होतं? उद्या औरंगाबादेत कुणी दुसरा हंडा मांडला असता, आणि बाई तिथंही डोकं टेकून बसल्या असत्या. 

"बाई," मी म्हणालो, "मी एकनाथ. तुमच्या माडीवरचा. हा आम्ही पुरलेला नळ आहे, मी नाल्याकडच्या तोंडाशी आहे. सूर्यभान इथं नाही, बाई. तो कधीच नव्हता."

 

मग नळातून एकच गलका ऐकू आला. बाईंसोबत आलेल्या किशनरावांनी हंडा उचलून फेकला होता. त्याचं बूड कापलेलं होतं आणि मागं आमच्या नळाचं तोंड होतं. लोक एकेक करून वाकून बघू लागले. मौनीबाबांनी बारा वर्षांचं मौन सोडलं आणि म्हणाले, "अंब्या, पळ!" हे सगळं मला नंतर टांगेवाल्यानं सांगितलं. तो हसत होता. मला हसू आलं नाही.

रविवारपर्यंत पार्वतीबाई कुणाशी बोलल्या नाहीत. मी घर जोडायला गेलो होतो आणि बहुतेक तोडून बसलो होतो. काचीगुड्याला किशनराव आणि भामा डब्यात चढले, तरी बाई फलाटावर उभ्याच. शिट्टी झाली. तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या.

"त्याला मी दोनदा पुरलं रे," त्या म्हणाल्या. "ते भोक नीट कर. दुसऱ्या कुण्या मायला तिथं काही ऐकू येऊ नये."

आणि त्या चढल्या.

मी वस्तीतल्या चार जणांना हाताशी धरून मोरी जोडली, जाळ्या बसवल्या. आता गल्लीत पाणी साचत नाही.

वाचकहो, एवढंच सांगतो. कुठंही अदृश्य आवाज ऐकलात तर हात जोडण्याआधी दुसरं तोंड शोधा. ते असतंच. आणि दुःखी माणसाला दिलासा देण्यासाठीसुद्धा त्या तोंडाशी बसू नका.

शेवटची जाळी ठोकण्याआधी, सवयीनं, मी ओट्याकडच्या तोंडाशी वाकून ओरडलो, "पोचलं का?"

पलीकडे कुणीच नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी बराच वेळ कान लावून बसलो.