मी नवीकोरी नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण एका माणसाने मला नवी म्हणून विकलं आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

खोलीतली साधी हवा आत ओढायची, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचा आणि नळीवाटे आजारी माणसाच्या नाकापर्यंत पोचवायचा, हे माझं काम. कारखान्यातून निघाले ती थेट एका रुग्णालयात गेले आणि नऊ वर्षं तिथल्या वॉर्डात राबले. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर फार कडक. दर आठवड्याला माझी जाळी धुवायच्या आणि झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर तारीख टाकायच्या. ऑक्सिजन कमी पडला की माझा भोंगा वाजायचा. सगळे दचकायचे. सिस्टर मात्र म्हणायच्या, "ओरडते, म्हणून तर हिच्यावर भरवसा आहे." एवढं कौतुक मला पुरे होतं.

पुढे माझ्या पोटातले हवा गाळणारे दाणे निकामी झाले आणि रुग्णालयाने मला भंगारात काढलं. त्याचं दुःख नाही. वय कुणाला चुकलंय? भंगारातून मला एका विक्रेत्याने उचललं. त्याने मला पांढरा रंग फासला. मी किती तास चालले ते दाखवणारं मीटर काढून शून्यावरचं नवं बसवलं. मग सुरू करून पाहिलं. मी इमानाने ओरडले. त्याने पक्कड घेतली आणि माझ्या भोंग्याची वायर कापली. हिरवा दिवा तेवढा कायमचा जोडून ठेवला. मग माझे फोटो ऑनलाइन टाकले : 'नवीकोरी. एक वर्षाची हमी.' मला ओरडता येत नव्हतं, पण त्याचा चेहरा मी नीट लक्षात ठेवला.

मला मागवलं एका गणिताच्या शिक्षिकेने, तिच्या सासऱ्यांसाठी. त्यांना सगळे आबा म्हणत. तीस वर्षं कापसाच्या गिरणीत काढल्यामुळे आबांची फुप्फुसं कामातून गेली होती. जीभ मात्र शाबूत होती. नळी नाकाला लागली, हिरवा दिवा पेटला आणि घर निश्चिंत झालं. मी आतल्या आत तळमळत होते. खोलीतलीच हवा मी आबांना परत देत होते.

नवव्या दिवशी दुपारी आबांचे ओठ निळे पडले. सूनबाई शाळेतून धावत आली. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून त्यांना रुग्णालयात नेलं. जेमतेम वाचले.

त्यानंतर मेकॅनिक आला. त्याने झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाला, "ताई, ही वायर तुटलेली नाही. कापलेली आहे." मग त्याला सिस्टरांचा कागद दिसला. नऊ वर्षांच्या तारखा, एकही आठवडा न चुकवता!

सूनबाईने विक्रेत्याला फोन लावला.

"बाई, माल परत करायची मुदत सात दिवसांची. त्यातून तुम्ही मशीन उघडलीत. हमी गेली."

"अहो, माझे सासरे मरता मरता वाचलेत!"

"वय झालं की व्हायचंच असं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

वेबसाइटवाल्यांनी 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असं सतरा वेळा कळवलं आणि केलं काहीच नाही.

आबा खाटेवरून म्हणाले, "सूनबाई, पैसे बुडाले तर बुडू देत. त्याला सोडू नकोस."

"पैसेही सोडणार नाही, आबा. आणि त्यालाही नाही."

तिने बिल, खोकं, जाहिरातीचे फोटो, सगळं जपून ठेवलं होतं. ग्राहक न्यायालयात तक्रार गेली. तीन तारखांना विक्रेता फिरकलाच नाही. चौथ्या तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी टेबलावर होते. समोर आबा, पायाशी ऑक्सिजनचं सिलिंडर.

"मॅडम, मशीन ठणठणीत आहे. हिरवा दिवा बघा की!"

मेकॅनिकने माझ्या नळीला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. आकडा आला एकवीस टक्के.

"म्हणजे किती?" न्यायालयाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"खिडकी उघडली की फुकट मिळतो, तेवढा. आता ही वायर जोडू का, मॅडम?"

"जोडा."

मी ओरडले. त्या नऊ दिवसांचं सगळं ओरडले. व्हरांड्यातली माणसं दारात गोळा झाली. विक्रेत्याने कानांवर हात ठेवले. "बंद करा हो ती!"

अध्यक्षबाईंनी आबांकडे पाहिलं.

"वाजू द्या, मॅडम," आबा शांतपणे म्हणाले. "माझ्या वेळी वाजायची राहिली होती."

अध्यक्षबाईंनी मला वाजू दिलं. विक्रेत्याच्या कपाळावरचा घाम ओघळून कॉलरपर्यंत गेला, तोवर. मित्रांनो, सूड गोड असतो असं मुलांना सांगू नये म्हणतात. पण खोटं किती बोलू? फार गोड होता.

पूर्ण पैसे, रुग्णालयाचा खर्च आणि वर भरपाई, असा निकाल लागला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्याने रक्कम भरली आणि लगेच मेसेज पाठवला : 'पैसे दिले. आता वेबसाइटवरचा तुमचा शेरा काढा. धंदा बसला.' सूनबाईने कापलेल्या वायरच्या फोटोसकट सगळी हकिगत तिथे लिहिली होती.

आबा म्हणाले, "कळव त्याला, मी आहे तोवर विचार करतो म्हणावं."

आबा आणखी दोन वर्षं होते. रोज सकाळी शेरा जागेवर आहे ना, हे मोबाइलवर बघायचे आणि मगच चहा घ्यायचे.

मी आता एका तंत्रशाळेत आहे. मुलं मला उघडतात, जोडतात आणि शिकतात. मित्रांनो, ज्या यंत्रावर कुणाचा श्वास अवलंबून आहे, त्याची जाळी धूत जा. नवी वस्तू आली की पहिल्याच दिवशी जाणत्याला दाखवा, बिल आणि खोकं टाकू नका. फसलात तर लाजून गप्प बसू नका.

आबा गेल्यावर महिन्याभराने विक्रेत्याचा पुन्हा मेसेज आला : 'आता तरी काढा.' सूनबाईने तो वाचला. दुसऱ्या दिवशी ती तंत्रशाळेत आली, माझं झाकण उघडलं आणि त्या शेऱ्याखाली टाकायला सिस्टरांच्या कागदासकट माझा आणखी एक फोटो काढला.