कानशीने घासलेली पिन

एरलकडे लोकर कातरणारी माणसं सोमवारी येणार होती आणि मेंढ्यांच्या वाड्याची दोन फाटकं मोडून पडली होती. त्यासाठी त्याने नवं वेल्डिंग मशीन आणलं, पंधरा अँपिअरचं. वाडा शेडपासून वीस मीटर लांब. शनिवारी सकाळी मी त्याला लांब केबल करून द्यायला गेलो.

केबल नारिंगी, अंगठ्याएवढी जाड. टोकं सोलली, तारांना पीळ दिला, स्क्रू आवळले, एकेक तार ओढून पाहिली. अर्थिंगची तार बाकी दोन तारांपेक्षा बोटभर लांब ठेवली, म्हणजे कोणी हिसका दिला तर ती सगळ्यांत शेवटी सुटते. काम चांगलं झालं होतं.

पण प्लग शेडच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसेना. पंधराच्या प्लगची अर्थिंगची पिन रुंद असते आणि एरलचं सॉकेट जुनं, दहाचं. आमच्या भागात यावर एकच उपाय चालतो.

"बघत काय बसलास, लेस?" एरल म्हणाला. "घास की. तुझ्या लग्नात अंगठीसुद्धा घासूनच बसवली होती."

मी पिन शिकंज्यात धरली, कानस फिरवली. प्लग बसला. एरलने मशीन लावलं, ठिणग्या उडाल्या. मी घरी आलो.

थंड मटण आणि पाव पुढ्यात घेऊन बसलो, पण दोन घासांनंतर ताट सरकवलं. उठलो, चहा टाकला, तो तसाच ठेवला. काहीतरी राहिलं होतं. केबल मनात परत उघडून पाहिली. तिच्यात काही चूक नव्हती. मग भिंत आठवली.

त्या भिंतीतली तार मीच टाकली होती, बत्तीस वर्षांपूर्वी. दिव्यांच्या कामातून उरलेलं वेटोळं होतं, पंधरा अँपिअर त्याला झेपणारच नव्हते. त्यावर काय छापलंय ते तेव्हा मला वाचता येत नव्हतं. हाताला बरी वाटली, टाकली. फ्यूज सारखा उडायचा म्हणून त्यात जाड तार बांधली, तीही मीच. आणि भिंतीच्या पलीकडे छपरापर्यंत गवताचे गठ्ठे.

फोन लावला, कोणी उचलेना. गाडी काढली. मध्ये तीन फाटकं. आमच्याकडे फाटक जसं सापडलं तसं ठेवून जातात; लहान पोरालाही ते ठाऊक असतं. मी तिन्ही उघडी टाकली.

एरल वाड्याशी वाकून वेल्डिंग करत होता. त्याला हाक न मारता मी शेडमध्ये शिरलो आणि मेन स्विच पाडला. सॉकेट तपकिरी पडलं होतं. भिंतीला तळवा लावला आणि लगेच काढला.

एरल मास्क वर करून आत आला. त्याच्या मागोमाग त्याची बायको डल्सी धावत आली. उघड्या फाटकांतून एडके, म्हणजे नर, मेंढ्यांच्या कळपात घुसले होते.

"फाटकं कोणी उघडी टाकली?" एरलने विचारलं.

"मी."

"वेड लागलंय का रे तुला?"

मी त्याचा हात धरून भिंतीला लावला. त्याने तो झटकन मागे घेतला. मग मी तारेचं सांगितलं, फ्यूजचंही सांगितलं. डल्सी गठ्ठ्यांकडे बघत उभी राहिली.

"पिन घास मीच म्हटलं होतं," एरल म्हणाला.

"भिंतीत काय आहे ते तुला माहीत नव्हतं. मला होतं."

प्लग मी तिथेच कापून टाकला. अंधार पडेपर्यंत तिघांनी एडके वेगळे केले.  मग एरलने वीजवाल्याला फोन केला.

घरी बसवेना. अशा तारा मी कुठे कुठे टाकल्यात ते आठवू लागलो. अकरा शेड आठवल्या. अंथरुणावर पडल्यावर बारावी.

रविवारी सकाळी त्यांतल्या पहिल्या घरी, क्लेमकडे गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा टाकला, यंदाच्या गव्हाचं बोलायला लागला, बिस्किटं पुढे केली. मी पुन्हा पुन्हा खिडकीतून त्याच्या शेडकडे बघत होतो.

"बस ना," तो म्हणाला. "घाई कसली?"

"क्लेम, मेन स्विच बंद कर," मी म्हणालो. "चहा नंतर."