निशीच्या नावाचं फोल्डर

लेक पाळण्यात झोपली, सासूबाईंनी दोरी हातात घेतली, तेव्हा कुठे निशिगंधाला लॅपटॉप उघडता आला. सात महिन्यांच्या रजेनंतरचा पहिलाच दिवस. रहाटणीच्या घरातूनच काम करायची मुभा मिळाली होती. आणि उघडल्या उघडल्या तिला शिसारी आली.

कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर त्यांची वाकडची कंपनी बनवायची. त्या आतल्या कॉम्प्युटरला बाहेरच्या नेटवर्कशी बोलता यावं, तेही कुणाकडे ॲडमिनचा पासवर्ड न मागता, हे काम निशिगंधाच्या कोडचं. ऑफिसात रीत अशी, की कुणी लांबच्या रजेवर गेलं की त्याचं अर्धवट काम त्याच्याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. जाताना ‘निशी’ फोल्डरमध्ये तिच्या तीन फाइली होत्या. आता एकेचाळीस. नेट_नवीन, नेट_नवीन_खरं, रवी_तात्पुरतं, हात_लावू_नका. नळावर उष्टी भांडी टाकून जावीत तसं जो तो टाकून गेला होता, आणि वर पाटी तिच्या नावाची.

चाकणच्या एका कारखान्यात दुपारची शिफ्ट लागली की हे आभासी कॉम्प्युटर नेटवर्क सोडत. तक्रारीवर कुणीतरी शेरा मारला होता: दोष निशीच्या फोल्डरमध्ये. चार वाजता मीटिंग होती. दोष तिचाच ठरला तर हे काम तिच्या रजेत ते सांभाळणाऱ्या रविराजकडे जाणार आणि ती मॅन्युअल लिहीत बसणार.

तिने रविराजला फोन लावला. तो हसला. “अगं, नुसतं नाव आहे ते. चालतंय ना? कशाला उकिरडा उपसतेस?”

“चाकणला चालत नाहीये,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

“आधी दोन घास खा,” सासूबाई, शालनबाई, पाळण्याकडून म्हणाल्या. “ती मशीन कुटं पळून जात न्हाई.”

तिने ताट मांडीवर घेतलं आणि एकेक फाइल उघडली. कुणी लिहिली हे बघायचं नाही, करते काय तेवढं बघायचं. पत्ता देणाऱ्या एकीकडे, निरोप बाहेर नेणाऱ्या दुसरीकडे, वेबसाइटची नावं शोधून देणाऱ्या तिसरीकडे. तिसऱ्या ढिगात दोन सख्ख्या बहिणी निघाल्या. एक तिची, रजेआधी दुरुस्त केलेली: नावं कुठल्या सर्व्हरला विचारायची, हे ती दर वेळी नव्याने बघायची. दुसरी सुरुवातीला एकदाच बघून तेच धरून बसायची. चाकणला शिफ्टबरोबर तो सर्व्हर बदलत होता. आणि गिऱ्हाइकाकडे गेली होती ती दुसरी, रविराजने कुठल्याशा जुन्या प्रतीवरून उचललेली. तिची दुरुस्त फाइल त्या घाणीत तशीच पडून होती.

ताट तिने बाजूला सारलं. रविराजची फाइल दाखवायला वेगळी ठेवली, ढीग नव्या फोल्डरांत हलवून त्यांना कामांची नावं दिली आणि रिकामं ‘निशी’ पुसून टाकलं.

मीटिंगमध्ये तिने दोन्ही फाइली शेजारी शेजारी दाखवल्या. टीमच्या प्रमुख विजयश्री मॅडमनी चाकणला दुरुस्ती लगेच पाठवायला सांगितली. सॉरी मात्र कुणी म्हणालं नाही. रविराज तणतणला, “मग आता माझ्या फाइली मी शोधायच्या कुठे?”

“कुठली हवी?”

“तीच ती, नेट_नवीन_खरं.”

“ती करते काय, तेवढं सांग. लगेच देते काढून.”

पडद्यावर त्याचा चेहरा तसाच थांबला. नेटवर्क छान चालू होतं. त्याच्यामागे पंखा फिरताना दिसत होता.

“बघून सांगतो,” तो शेवटी म्हणाला.

“तोवर हे काम निशिगंधाकडेच राहू दे,” मॅडम म्हणाल्या.