आईच्या जागी

“व्हर्डेलताई, आज तरी ते हातमोजे उतरवा. आईनं पहिल्या बाकावर बसायचं असतं,” पाद्रीबाबा म्हणाले.

“आजवर चर्चमध्ये हे मोजे घालून सगळ्या गावाला मीच जागा दाखवली. माझ्या आमोसच्या मातीला आलेल्यांना दुसरी कोण बसवणार?”

पाद्रीबाबांनी आवाज खाली आणला. “क्रेनसाहेब आलेत. पेपरात छापायला फोटोवाला घेऊन. गडबड नको हं.”

“गडबड कसली? पाहुण्याला बसवायचं, एवढंच तर माझं काम.”

जॉर्जियातल्या त्या गावात सैन्यात कोणी जायचे हे ठरवणारे मंडळ सगळे गोऱ्यांचे होते. क्रेन त्याचे अध्यक्ष. व्हर्डेल इस्त्री करी ती लाँड्रीही त्यांचीच. आमोसने काळ्या वस्तीला मतदारयादीत नावे घालायला नेले, वर चौकात फलक धरला: व्हिएतनाममध्ये मरायला आम्ही चालतो, इथे मत द्यायला का नाही? लगेच त्याला भरतीचे बोलावणे आले. एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध असतोच असे नाही, पण क्रेन स्वतःच लाँड्रीत हसत म्हणाले होते, “पोराला फिरायची हौस आहे ना? पाठवतो जरा लांब.”

आमोस परतला तो बंद पेटीत. उघडू नये, अशी सूचना होती.

दुःखाने माणूस क्षमाशील होतो, या समजुतीला व्हर्डेलकडून कोणताही पुरावा मिळाला नाही. तिने पांढरा मोजा पुढे करून वाट दाखवली. मागच्या बाकाशी क्रेन थांबले. मोजा थांबला नाही. पेटीला गुडघे लागतील अशा आईच्या जागेवर तिने त्यांना बसवले.

“ए बाई, ही घरच्यांची जागा ना?”

“मग तुम्ही काय परके, साहेब? तुम्हीच तर त्याला निरोप दिलात.”

फोटोवाल्याने उचललेला कॅमेरा खाली घेतला.

प्रार्थना सुरू झाली. थोड्याच वेळात क्रेन टोपी घेऊन उठले. व्हर्डेलचा हात बाकाच्या तोंडाशी आडवा झाला. ‘आमेन’ होईपर्यंत तो हात ओलांडायचा नाही, असा तिथला शिरस्ता. एकदा खुद्द पाद्रीबाबांची बायकोही त्याच्यापाशी थांबली होती.

“हो बाजूला. आणि उद्यापासून लाँड्रीत पाऊल टाकू नकोस.”

“प्रार्थना चाललीय, साहेब. बसा.”

पाद्रीबाबांनी एक डोळा उघडला. आडवा हात पाहिला. आयुष्यभर सांभाळून बोललेल्या त्या माणसाने डोळा पुन्हा मिटला आणि क्रेन यांनी वस्तीतून धाडलेल्या मुलांची नावे तो सावकाश घेऊ लागला. प्रत्येक नावाला मागून हुंकार आला, “हो, देवा.”

क्रेन बसले.

व्हर्डेलचा दंड भरून आला. तिने दुसरा हात कोपराखाली धरला. आमेन अजून लांब होते.